मुंगूस दर वेळी माझीच कशी न्यायचं?

भाभी, तू गेलीस त्या दिवशी तुझ्या दारात बायका तुझं कौतुक करत बसल्या होत्या. हलीमाभाभीच्या हाताला चव होती, हलीमाभाभीनं दारातनं कुणाला रिकाम्या हातानं धाडलं नाही, हलीमाभाभी आयुष्यात कुणाशी खोटं बोलली नाही. पहिल्या दोन्हीला मी मान हलवली. तिसऱ्याला माझी मान काही हलेना. रडत मीही होतेच, तुझ्या लेकीला, रेहानाला पोटाशी धरून बसले होते. पण मनात एकच घोळत होतं, की ही बाई गेली खरी, पण तांबडीचं काय झालं ते सांगून गेली नाही.

गेलेल्या माणसाचं वाईट बोलू नये म्हणतात. मी वाईट कुठं बोलतेय? मी विचारतेय. तू होतीस तेव्हा कुंपणाच्या अलीकडून विचारायची, तसंच आता विचारतेय. फरक इतकाच, की तेव्हा तू पदर खोचून भांडायला यायचीस.

मी लग्न होऊन या गल्लीत आले तेव्हा आईनं माझ्याबरोबर एक तांबडी कोंबडी दिली होती. पाय बांधलेली, टोपलीत घातलेली, वर फडकं. आमच्या कोडोलीत पोरगी सासरी निघाली की तिच्याबरोबर एखादं शेरडू नाहीतर कोंबडी द्यायची. तिचं तिचं म्हणून काहीतरी वाढतं राहावं, एवढाच त्यातला अर्थ. आता माझ्या सासूबाई, आत्याबाई, माळकरी आहेत हे आईला ठाऊक होतं. तरी दिली. तिचं म्हणणं, माळ सासूच्या गळ्यात हाय, कोंबडीच्या न्हाई.

मी उंबऱ्यावरचं माप ओलांडायला पाय उचलला आणि टोपलीतनं कोंबडी ओरडली. आत्याबाईंनी ओवाळायचं ताट तसंच खाली ठेवलं. "हे बाहीर," एवढंच म्हणाल्या. मी आत गेले आणि माझी कोंबडी दिवसभर परड्यात तशीच बांधून पडली. संध्याकाळी भांडी घासायला मागं गेले तर शेराच्या झाडांच्या कुंपणातनं तुझं डोकं वर आलं. पहिल्यांदा बघत होते मी तुला. नाव नाही, गाव नाही, तू सरळ म्हणालीस, "वैनी, कोंबडी तान्हेली हाय तुझी. दे हिकडं. अर्धलीनं संभाळते."

अर्धली मला काही नवी नव्हती. कोंबडी माझी, परडं, दाणापाणी आणि राखण तुझी, पिल्लं होतील ती निम्मी तुला, निम्मी मला. खेड्यात शेळ्या अशाच वाढवतात. पण तिथं वाटा बघायला माणूस रोज जाऊन येतो. इथं माझी कोंबडी कुंपणापलीकडं आणि मी सासूच्या डोळ्यासमोर. त्या घरात माझं म्हणायला दुसरं काही नव्हतं. साड्या सासूच्या पेटीत, डागदागिने सासूच्या कुलपात. पलीकडं उकिरडा उकरणारी ती तांबडी तेवढी माझी होती. मी फडक्यासकट टोपली तुझ्या हातात दिली, आणि हात मागं घेताना पहिली शंका आली, की ही बाई इतकी गोड का बोलतेय?

पिल्लं झाली. ओळखायची कशी, म्हणून माझ्या वाट्याच्या पिल्लांच्या पायात हिरवा दोरा बांधायचा ठरलं, तुझी बिनदोऱ्याची. दोरा कुठला? तुझ्या मालकांच्या शिलाई मशीनचा. इथंच मी चुकले. राखण तुझी, परडं तुझं आणि खूणसुद्धा तुझ्याच घरची. कोंबडी वाढली की दोरा सैल करून बांधायला लागतो, पावसात कुजला की बदलायला लागतो. ते कोण करणार? तू. दोरा बदलताना कोंबडी बदलायला कितीसा वेळ लागतो, मला सांग.

मागच्या उसातनं मुंगूस यायचं. ते खोटं नव्हतं, मीही बघितलंय त्याला, भरदुपारी शेपूट जमिनीला लावून शेराच्या बुडातनं सरकताना. पण मुंगूस येऊन गेलं की तू कुंपणाशी येऊन तोंड पाडून उभी राहायचीस, आणि मला काय ऐकायला मिळणार ते मला आधीच कळायचं.

"नेलं गं एक."

"कुणाचं?"

"दोऱ्याचं हुतं."

"परत माझंच?"

"मग मी काय करू? मुंगसाला बोलवून सांगू, आज माझं ने म्हणून?"

"मुंगसाला हिरवा रंगच बरा दिसतोय."

"अगं ए खुळे, मुंगूस काय दोरा बघून नेतंय व्हय? अल्लाची आन घेऊन सांगते, माझ्या डोळ्यादेखत नेलं."

डोळ्यादेखत नेलं तर ओरडली का नाहीस, हे मी विचारायची. तू म्हणायचीस ओरडले की, तुलाच ऐकू आलं न्हाई. मग आतून आत्याबाईंची हाक यायची आणि भांडण तिथंच राहायचं. पुढच्या खेपेला त्याच जागेवरून सुरू व्हायचं.

एक मात्र कबूल करते. माझ्या वाट्याची अंडी तू मला चारलीस. तुझ्या मागल्या दारात, चुलीसमोर, तू उकडलेलं अंडं फोडून मीठ-मिरचीची पूड लावून माझ्या हातात द्यायचीस, आणि मी आत्याबाईंना निरगुडीचा पाला आणायला गेले म्हणून सांगून आलेली असायची. खाऊन झालं की बडीशेप चावायची. घरी गेल्यावर आत्याबाई माझ्या तोंडाकडं बघायच्या आणि म्हणायच्या, "निरगुडीला बडीशेपचा वास येतोय आताशा." त्यांना सगळं कळत होतं. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही. पण माळेचा मान राहिला, घरात टरफल आलं नाही, म्हणून त्या गप्प बसल्या. पहिलं अंडं खाल्लं त्या दिवसापासून मी तुला अहो-जाहो करायचं सोडलं. चोरून एका चुलीपुढं खाल्ल्यावर कसलं अहो आणि कसलं जाहो.

तरीसुद्धा तिथं बसूनही माझं लक्ष तुझ्या हातातल्या अंड्याकडं असायचं. माझं बारकं आणि तुझं मोठं का?

बदकांचं तर विचारूच नको. तुझा भाऊ शिरोळकडं नदीकाठी राहायचा. तो एकदा भुशात घालून बदकाची अंडी घेऊन आला. तू मला कुंपणाशी बोलावून अंडी दाखवलीस. माझ्या तांबडीच्या अंड्यांपेक्षा थोरली, हिरवट. म्हणालीस, "बदकीण अंडं टाकती आणि इसरून जाती. उबवायला कोंबडीच पाहिजे. तुझी तांबडी खुडूक झालीया, बसवू का?" तांबडी खरंच खुडूक होती, पंख फुगवून कोपऱ्यात बसून होती, जवळ गेलं की खेकसायची. मी म्हटलं बसव, पण पिल्लं निम्मी माझी. अंडी माझ्या भावाची हायत, तू म्हणालीस. ऊब माझ्या कोंबडीची हाय, मी म्हणाले. निम्मी ठरली.

कोंबडीच्या अंड्यातनं पिल्लू बाहेर यायचे दिवस झाले. काही नाही. आणखी दिवस गेले. तांबडी हलत नव्हती, वाळून काटकी झाली होती. मी म्हटलं, झालं, भावाकडची नासकी अंडी आणून हिनं माझी कोंबडी मारायला काढली. तू म्हणालीस, बदकाला आठवडाभर जास्त लागतो. मला कोडोलीत कुणी बदकं पाळल्याचं ठाऊक नव्हतं. मला वाटलं, वेळ काढतेय. तुला नाही नाही ते बोलले. तू तांबडीच्या तोंडाशी पाण्याची वाटी धरून बसलीस. आणि एका सकाळी टोपलीत पिवळी धमक पिल्लं वळवळत होती, चपट्या चोचीची.

पुढचं तुला आठवतं का? तुझ्या परड्यातल्या दगडी डोणीत जनावरांसाठी भरलेलं पाणी असायचं. पिल्लं थोडी मोठी झाली आणि एक दिवस डोणीच्या कडेवर चढून एकामागून एक पाण्यात पडली. तांबडीनं आकांत मांडला. डोणीच्या या कडेनं पळायची, त्या कडेनं पळायची, मान लांब करून ओरडायची, पण पाण्यात पाय घालायची तिची हिंमत होईना. पिल्लं मजेत पोहत होती. तू हसून हसून भिंतीला टेकलीस. मला हसू आलं नाही. माझं लग्न होऊन मी एस.टी.त बसले तेव्हा कोडोलीच्या स्टँडवर माझी आई अशीच गाडीच्या कडेकडेनं पळत होती. मी ते तुला सांगितलं नाही. पण तुझं हसणं मधेच थांबलं, तू डोणीत हात घालून एकेक पिल्लू काढून तांबडीपुढं ठेवलंस, आणि ती शांत होईपर्यंत तिथंच उकिडवी बसलीस. हे मी विसरलेले नाही. त्यातलंसुद्धा मोठं पिल्लू तू तुझ्या बाजूला ठेवलंस, तेही विसरलेले नाही.

मग मानमोडी आली. दुष्काळाच्या साली रेशनवर तांबडी मिलो ज्वारी मिळायची, माणसाच्या घशाखाली उतरत नव्हती ती आपण कोंबड्यांना घालून कळप चांगला भरवला होता. आणि एकाएकी कोंबड्या मान वाकडी करून गोल फिरायला लागल्या. हिरवी हगवण, डोळे मिटलेले. सकाळी खुराडं उघडलं की आडव्या पडलेल्या. बदकांना काही झालं नाही, ती आपली चिखलात चोच घालून कचकच करत फिरत होती, शेजारी काय चाललंय त्याचा पत्ता नसल्यासारखी. तू आणि मी तुझ्या परड्यात खड्डा खणला. आत्याबाई दारात उभ्या होत्या, पण त्या दिवशी मला त्यांनी परत बोलावलं नाही. दोऱ्याच्या आणि बिनदोऱ्याच्या आपण एकाच खड्ड्यात टाकल्या. वाटणी सारखी झाली अशी ती एकच खेप.

एकटी तांबडी वाचली. ती तेव्हा परत रवणावर, अंडी उबवत होती आणि तू तिची टोपली उचलून आधीच स्वयंपाकघरात चुलीच्या कोपऱ्याला नेली होतीस. मला म्हणालीस, "तुझीच ऱ्हायली बघ." मला बरं वाटायला पाहिजे होतं. पण मी रात्रभर विचार करत पडले. तुझीही एक काळी त्याच वेळी अंड्यांवर होती, ती बाहेर खुराड्यात होती. ती मेली. स्वतःची बाहेर ठेवून दुसऱ्याची आत कोण नेतं? मी तुला विचारलं तेव्हा तू चिडून म्हणालीस, "जागा एकाच टोपलीला हुती." हे उत्तर झालं का? जागा एकाच टोपलीला होती हे मला कळतं. माझीच टोपली का, हे विचारत होते मी.

आता तांबडीवर येते. इतका वेळ आडून आडून बोलले.

तांबडी म्हातारी झाली होती. अंडी बंद, पायाला खवले, चालायची सावकाश. जयसिंगपूरचे पावणं रेहानाला बघायला आले तो दिवस. न कळवता आले. तुझे मालक कापड आणायला कागलला गेलेले, घरात तू आणि पोरगी. मी कुंपणातनं बघत होते, तुझी नुसती धावपळ. मधे एकदा तू परड्यात आलीस, इकडंतिकडं बघितलंस आणि परत आत गेलीस. दुपारी तुझ्या घरातनं खोबरं आणि कांदा भाजल्याचा वास आमच्या परड्यात आला. तुझ्या रश्श्याचा वास मी झोपेत ओळखेन. संध्याकाळी कोंबड्या डालग्याखाली झाकायची वेळ झाली. सगळ्या आल्या. तांबडी आली नाही.

"मुंगसानं नेली गं वैनी. दुपारचीच."

तू माझ्याकडं न बघता बोललीस. एरवी मुंगसाचं सांगताना तू तोंड पाडून का होईना, पण माझ्याकडं बघायचीस.

दुसऱ्या दिवशी मी तुझ्या उकिरड्यावर गेले. तांबडी पिसं होती, राखेत दाबलेली. आणि पसरलेली नव्हती, भाभी. मुंगूस मारतं तेव्हा पिसं वाऱ्यावर जातात, कुंपणाला अडकतात. ही ओली होऊन झुपक्यानं चिकटलेली होती, गरम पाण्यात बुडवून काढतात तशी. झुपका हातात घेऊन मी तुझ्या दारात आले.

"मुंगूस पाणी तापवून सोलतंय व्हय गं कोंबडी?"

"ती दुसऱ्या कोंबडीची हायत."

"तुझ्यात दुसरी तांबडी हाय कुठं?"

"बाजारातनं आणलेली."

"काल कुठला बाजार हुता?"

तू माझ्या हातातला झुपका काढून घेतलास. ओरडली असतीस तर मला चाललं असतं, आपल्याला ओरडायची सवय होती. तू हळू आवाजात म्हणालीस, "वैनी, तुला काय समजायचं ते समज. पोरीला पसंत केलंया त्यांनी." आणि दार लावून घेतलंस.

मला काय समजायचं? मला दोन्ही समजत होतं. दारात पावणं बसलेले, पोरीच्या जन्माचा प्रश्न, घरात मटण नाही, नवरा घरी नाही. मी असते तर मीही कापली असती. पण मी दुसऱ्याची कापली असती तर त्याच संध्याकाळी जाऊन सांगितलं असतं. ती माझ्या आईनं दिलेली होती. आई तोवर गेली होती. तुला ठाऊक होतं, मी आणि ती तांबडी एकाच एस.टी.नं कोल्हापुरात आलो होतो. मागितली असतीस तर मी दिली असती का? हे मी स्वतःला पुष्कळ वेळा विचारलंय. दिली असती असं वाटतं. पण तू विचारलं नाहीस ना. मुंगसावर ढकललंस.

आणि ढकललं नसशील तर? खरंच मुंगसानं नेली असेल आणि तू शेजारणीकडून उसनी कोंबडी आणली असशील तर? हेही मी पुष्कळ वेळा म्हणून बघितलंय.

लग्नाच्या आमंत्रणाला तू आमच्या पुढच्या दारानं आलीस. इतक्या वर्षांत पुढचं दार तू कधी वापरलं नव्हतंस. आत्याबाईंना नमस्कार केलास आणि मला म्हणालीस, "हळदीला तू पाहिजेस." मी आले. न येऊन करते काय, रेहाना माझ्या डोळ्यासमोर वाढलेली. जेवणाच्या वेळी जयसिंगपूरचा तो मिशाळ पावणा मोठ्यानं म्हणाला, "आमी बघायला आलतो त्या दिवशीचा रस्सा अजून तोंडात हाय." मी तुझ्याकडं बघितलं. तू मांडवाच्या खांबाकडं बघायला लागलीस. माझ्या तोंडावर आलं होतं त्याला विचारायचं, पावणं, कोंबडी जरा चिवट लागली का हो? पण रेहाना हळद लावून खाली मान घालून बसली होती. मी भात कालवून जेवले.

पुढं आत्याबाई गेल्या. माळ त्यांच्याबरोबर गेली. आमच्या ह्यांना घरात कोंबड्या आल्या काय न आल्या काय, सारखंच. तू म्हणालीस, "वैनी, आता कुणाची आडकाठी न्हाई. घिऊन जा की तुझ्या हिरव्या दोऱ्याच्या, बदकं पण ने निम्मी." मला लगेच वाटलं, हिला आत्ताच का सुचलं? रोग येणार असेल, हिला आधी कळलं असेल. मी म्हटलं राहू देत तुझ्याकडंच. तू परत आग्रह केला नाहीस. आता वाटतं, वाटणी करून घेतली असती तर मी कुंपणाशी यायला कारण काय शोधलं असतं? तुलाही तेच वाटलं असेल का? का तू नुसती तोंडदेखलं बोलली होतीस?

आणि मग तुझा दमा. थंडी पडली की तू खाटेवर बसून राहायचीस, मागं उशा लावून. मी रोज यायला लागले. एक दिवस धीर करून विचारलं, "भाभी, आता तरी सांग. तांबडीचं काय केलंस?" तू इतकी हसलीस की खोकल्याची उबळ आली, मी पाठीवरनं हात फिरवत बसले. दम आल्यावर म्हणालीस, "सांगते की. उद्या ये."

उद्या आले. परत तेच. "आज बोलवंना गं. उद्या ये, सांगते." मी म्हणायची, फसवतीस. तू म्हणायचीस, फसवतीया तर येतीस कशाला? थंडी सगळी अशीच गेली. मला माहीत होतं तू टोलवतेस. कुणीतरी रोज येऊन पाठीवरनं हात फिरवावा म्हणून ही बाई एका म्हाताऱ्या कोंबडीचं गुपित दाबून बसलीय, हे मला दिसत होतं. तरी येत होते. शेवटच्या संध्याकाळीही तू तेच म्हणालीस, उद्या ये. सकाळी रेहानाची हाक आली, ती कुंपणातनं नाही, पुढच्या दारातनं.

दिवस झाल्यावर रेहानानं घर आवरायला काढलं. तुझे मालक आता तिच्याकडंच राहणार. कुंपणाच्या खिंडारात उभी राहून ती म्हणाली, "मावशी, कोंबड्या आन बदकं घ्या. अम्मीनं सांगितलंया, दोऱ्याच्या वैनीच्या." मी म्हटलं, बाकीच्या तू घेऊन जा जयसिंगपूरला. ती म्हणाली, "बाकीच्या न्हाईतच."

मी डालगं उचललं. भाभी, सगळ्यांच्या पायात हिरवा दोरा. कोंबड्या, तुझा तो ऐटबाज कोंबडा, बदकंसुद्धा. आणि दोरा नवा कोरा. बदकाच्या पायातला दोरा एका पावसाळ्यात चिखलानं काळा पडतो, हा अजून चकाकत होता. गाठ तुझी, शिंप्याच्या घरातली दुहेरी. मी रेहानाला विचारलं, हे कधी बांधले? "थंडीतच. अम्मी खाटेवर बसून एकेकीला मांडीवर घ्यायची. मी धरायची, ती बांधायची. दम लागला की थांबायची, मग परत बांधायची."

मी म्हटलं, "रेहाना, खरं सांग. तुला बघायला आले त्या दिवशी तुझ्या आईनं काय शिजवलं होतं?"

पोरगी हसली. डोळ्यात पाणी आणि हसली, अगदी तुझ्यासारखी. "अम्मी म्हणालती, वैनी विचारंल बघ. तू तोंड उघडायचं न्हाई. शपथ घातलीया."

मेल्यावरसुद्धा तू मला नीट झोपू देणार नाहीस. आता मी काय धरू? तांबडीची भरपाई केलीस म्हणू, तर एका म्हाताऱ्या कोंबडीच्या बदल्यात कुणी अख्खा कळप देतं का? आणि भरपाई नाही म्हणू, तर मग सगळं मला का? पहिल्यापासून मुंगसानं नेलेली तुझी असायची आणि तू माझी म्हणायचीस, का माझी न्यायचं आणि तू खरंच सांगायचीस? का मला भांडायला काहीतरी पाहिजे होतं हे तू त्या पहिल्या संध्याकाळी टोपली घेतानाच ओळखलं होतंस? मी सगळ्या बाजूंनी फिरवून बघितलं. एवढं देण्यामागं काहीतरी असणार. तुझ्या एकेका वागण्यामागं काहीतरी असायचंच, भाभी, तू साधी नव्हतीस. बायका काहीही म्हणू देत.

कळप आमच्या परड्यात आणला. आमच्या ह्यांनी सिमेंटचं खुराडं बांधून दिलंय, वर पत्रा. कोंबड्या रुळल्या. बदकं अजून रुळली नाहीत. दिवस मावळला की खिंडाराशी जाऊन तुझ्या घराकडं तोंड करून बसतात. हाकलून आणावी लागतात. तुझी दगडी डोण मी रेहानाला विचारून इकडं ओढून घेतलीय, तेवढ्यानं पाण्यात उतरायला लागलीत.

काल दुपारी मुंगूस आलं. मी दारातच धान्य निवडत बसले होते, कलकलाट झाला, उठेपर्यंत ते एका ठिपक्यांच्या कोंबडीला पाठीत धरून शेराच्या बुडातनं उसात गेलं. डोळ्यादेखत नेलं. मी ओरडले, कुणाला ऐकू गेलं नाही. आणि पाय आपोआप खिंडाराकडं गेले. तिथं उभी राहून मी पदर खोचला आणि म्हटलं, "भाभी, परत माझीच नेली बघ."

तुझ्या दाराला कुलूप. परडं झाडून ठेवलेलं, खुराडं रिकामं, खड्डा होता तिथं आता एरंड उगवलाय.

सगळ्याच माझ्या करून गेलीस. आता मुंगूस नेईल ती माझीच असणार, आणि तू खोटं बोलतीस म्हणायला मला कुंपणापलीकडं कुणी नाही.